पोटलीतली कादंबरी

त्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय पडला की कहकशां म्याडमच्या कपाळाला आठी पडायची. साठी उलटलेली, गुडघे कुरकुरणारे, आणि जिना असला अरुंद की एका अंगाला तुरीनं भरलेले कट्टे तर दुसऱ्या अंगाला रिकाम्या बारदानाची चळत. त्यातून पदर सावरत, नाकाला रुमाल लावत वर जायचं. आणि वर काय, तर साहित्य. लातूरच्या मार्केट यार्डात मल्लिनाथअप्पांचं अडत दुकान होतं. त्याच्या माडीवर महिन्यातून एका रविवारी सकाळी वाचक मंडळ भरायचं. रविवारी सौदे बंद असतात, हमालांचा गलका नसतो, गादी-लोडांवर चादर पसरलेली असते. भिंतीवर बसवेश्वरांची तसबीर, तिच्याखाली पंखा, आणि पंख्याखाली पोट सुटलेली रसिकता.

आठी काही गुडघ्यांमुळं पडायची नाही. मंडळातली माणसं पुस्तकं वाचत नाहीत, हे त्यांना दुसऱ्याच बैठकीला कळलं होतं. न वाचणं हा काही गुन्हा नाही. जग न वाचताच चाललंय. पण न वाचता डोळे मिटून मान डोलावणं, 'आतून हललो' म्हणणं, आणि ते म्हणताना सुशीलाच्या, म्हणजे फोडणीच्या मुरमुऱ्यांच्या, बशीतला शेंगदाणा नेमका वेचून तोंडात टाकणं, हे पाहिलं की त्यांच्या घशाशी आंबट यायचं. घरी आल्यावर त्या आधी गुळणी करायच्या आणि मग बोलायच्या.

त्यांची मुलगी आलिया ट्यूशन एरियातल्या एका क्लासात फिजिक्स शिकवायची. ती दर वेळी विचारायची, "अम्मी, इत्ती घिन आती तो काइकू जाते तुम?"

त्यावर म्याडम पुन्हा गुळणी करायला उठायच्या.

मंडळाचे मालक अप्पाच. जागा त्यांची, सुशीला आणि चहा त्यांचा, म्हणून मतही त्यांचंच. अप्पांचा थोरला टोरंटोला असतो. मागच्या उन्हाळ्यात अप्पा तिकडं जाऊन आले आणि आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं की औंदा आपण उत्तर अमेरिकेतल्या अभिजात कादंबऱ्या वाचायच्या. "तिकडं समदे वाचायलेत म्याडम," ते म्हणाले, "बसमधी बी वाचायलेत. आपुनच मागं ऱ्हायलाव." अप्पांनी तिकडं जाऊन एकही पुस्तक उघडलं नव्हतं, पण वाचणाऱ्यांचे फोटो पुष्कळ काढून आणले होते.

पुस्तक निवडायची मंडळाची रीत मात्र अस्सल लातूरची होती. यार्डात सकाळी पोटली निघते. ढिगातला मूठभर माल फडक्यात बांधून आणायचा, खरेदीदारांनी तो तळहातावर घ्यायचा, दाण्याला दात लावून बघायचा आणि भाव बोलायचा. पोटलीला निघाला तो भाव साऱ्या ढिगाला. अप्पांनी हीच रीत कादंबरीला लावली. ज्यानं पुस्तक सुचवलं त्यानं त्यातलं एक पान मोठ्यानं वाचायचं. त्याला ते पोटली फोडणं म्हणायचे. पान संपलं की अप्पा विचारायचे, "माल कसा हाय?" चार तोंडांनी "बरा हाय" म्हटलं की कादंबरी उचलली. पुढच्या महिन्यात त्याच एका पानावर तासभर चर्चा व्हायची. यार्डात निदान संध्याकाळी कुणीतरी ढिगापाशी जाऊन माल मापून घेतो. इथं ढिगाकडं कुणी फिरकायचंच नाही. अभिजात कादंबऱ्यांची अख्खी खेप त्या माडीवरून अशी पोत्यातच पार झाली होती.

कहकशां म्याडम या माडीवर का येत होत्या, ते कळायला जरा मागं जावं लागेल. त्यांचा जन्म इस्लापूरच्या बाजूचा. तिथल्या एका छोट्या स्टेशनवर वडील रेल्वेत रुळांचे सांधे बदलणारे पॉइंट्समन होते. मीटरगेजचे दिवस. गाडी येऊन गेली की मागं उरायचे वडील, त्यांचा कंदील आणि फलाटावर चरणाऱ्या शेळ्या. घरात सगळे दखनी बोलत. पण पंचक्रोशीत उर्दू शाळा नव्हती, म्हणून कहकशां मराठी शाळेत गेली. मग तिचं सगळंच मराठीत झालं. पाढे मराठीत, भांडणं मराठीत, आईशी बोललेलं पहिलं खोटंसुद्धा आधी मनात मराठीत जुळवलं आणि मग दखनीत सांगितलं. पुढं नांदेडला बी.ए., आणि मग देगलूरच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवण्यात उभी नोकरी. एका बाकावर तेलुगू, दुसऱ्यावर कन्नड, तिसऱ्यावर दखनी. या साऱ्यांना इंग्रजी समजवायचं ते मराठीतून. पोरं त्यांना 'म्याडम' म्हणायची, तेच नाव गावात पडलं. नवरा जिलानी, घड्याळं दुरुस्त करायचा. बोलायला कमी, ऐकायला पक्का. तो गेल्यावर त्या आलियाकडं लातूरला आल्या.

या साऱ्या आयुष्यात एक वाक्य त्यांनी इतक्यांदा ऐकलं होतं की ते कानावर पडलं की त्यांची दाढ ठणकायची. 'तुमचं मराठी किती छान आहे हो.' शाळा तपासायला आलेला साहेब म्हणायचा, लग्नात शेजारी बसलेली बाई म्हणायची, बँकेतला कारकून म्हणायचा. छानच म्हणायचे सगळे, हसून म्हणायचे. त्यांना वाटायचं, शेजारच्या कुलकर्णीबाईंना असं कुणी कधी म्हणतं का? म्हणत नाही, कारण मराठी कुलकर्णीबाईंच्या घरचं असतं आणि आपण ते मागून आणून नीट वापरतोय, म्हणून शाबासकी. या शाबासकीचा त्यांना मनस्वी तिटकारा होता. पण तोंडावर त्या कधी बोलल्या नाहीत. 'थँक्यू' म्हणून हसायच्या आणि दाढ दाबून धरायच्या.

देगलूरच्या शाळेत कुठूनशी परदेशातून देणगी आलेल्या पुस्तकांची एक पेटी पडून होती. तिच्यात त्यांना ती कादंबरी सापडली. कॅनडातल्या कुणा बाईनं शंभरेक वर्षांपूर्वी लिहिलेली. बर्फाच्या माळावरचं एक एकाकी स्टेशन. तिथला स्टेशनमास्तर हिवाळ्याच्या तोंडाला मरतो. रेल्वे कंपनीला कळलं तर राहती खोली जाईल, लेकराला घेऊन उघड्यावर यावं लागेल; म्हणून त्याची बायको त्याला गुपचूप पुरते आणि त्याच्या नावानं स्वतःच स्टेशन चालवते. तारा तीच पाठवते, कंदील तीच दाखवते, अंगात त्याचाच कोट. मग एका वादळात एक गाडी तिच्या स्टेशनात अडकून पडते. गाडीत साठेक उतारू, आणि त्यांत कंपनीचा तपासनीस.

म्याडमनी पहिलं प्रकरण वाचलं आणि त्यांना बापाच्या कंदिलाच्या रॉकेलचा वास आला. सेवानिवृत्त झाल्यावर त्यांनी ती मराठीत करायला घेतली. तीन वर्षं लागली. एकेका शब्दासाठी त्या दिवसदिवस अडून बसायच्या, दुपारच्या झोपेतून उठून वाक्य बदलायच्या. नाव दिलं, 'फाट्यावरचा कंदील'.

आणि मग भीती वाटायला लागली. हे मराठी आहे का? की मराठी छान येणाऱ्या बाईनं केलेला गृहपाठ आहे? हे त्यांचं त्यांना कळणार नव्हतं. आलिया वाचणारी नव्हती. जिलानी असता तर ऐकलं असतं, पण तोही मराठी पेपरापुरतंच वाचायचा. त्यांना स्तुती नको होती. कुणीतरी एका मराठी माणसानं ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावी आणि कुठं ठेच लागली ते सांगावं, एवढंच हवं होतं. तसा माणूस भेटला तर पुस्तक छापायचं. नाही तर गठ्ठा कपाटात टाकायचा आणि चावी फिरवायची, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. एवढ्यासाठी त्या तो जिना चढत होत्या. दहा जणांत एक तरी वाचेल, अशी आशा. शिक्षकाची जातच अशी आशाळभूत.

दिवाळीनंतरच्या बैठकीत त्यांनी स्वतःच पोटली फोडली. पहिलं पान वाचलं. "आपल्याच म्याडमनं केलेली हाय, माल घरचाच," अप्पा म्हणाले, आणि चहाचे कप गोळा व्हायच्या आत कादंबरी उचलली गेली. अप्पांचा ड्रायव्हर पेन ड्राइव्ह घेऊन ट्यूशन एरियातल्या एका झेरॉक्सवाल्याकडं गेला, प्रती छापून, बांधून घेऊन आला आणि घरोघर पोचवल्या. म्याडमनी स्वतःसाठी प्रत घेतली नाही. मूळ आपल्याकडं आहेच, एक प्रत वाढली तर वाचणारा एक वाढेल, असा हिशेब केला.

आज त्या कादंबरीची चर्चा होती, आणि पाठोपाठ पुढच्या कादंबरीची निवड.

म्याडम वर आल्या तेव्हा सगळे जमले होते. अप्पा लोडाला टेकून. त्यांच्या उजवीकडं प्राध्यापक मृत्युंजय. लातुरात सभा असो की सत्यनारायण, अध्यक्ष तेच. डावीकडं डोळ्यांच्या डॉक्टर मंजुश्री, एक डोळा फोनवर. आणखी पाचसहा जण, ज्यांचं मत नेहमी शेवटी बोलणाऱ्याच्या बाजूनं असायचं. आणि खिडकीशी बसवंतशेठ. दाळ मिलचे मालक, अप्पांचे दोस्त. अप्पांनी बोलावलं म्हणून यायचे, कोपरा धरायचे आणि तंबाखू मळायचे. मंडळात त्यांनी आजवर तोंड उघडलं होतं ते फक्त खिडकीबाहेर पिंक टाकायला. त्यांचा उजवा अंगठा नखापासून सांध्यापर्यंत तपकिरी झाला होता. म्याडमना साऱ्या मंडळात या माणसाची सगळ्यात जास्त शिसारी होती. बाकीचे निदान ढोंग तरी करायचे. यानं तेवढेही कष्ट घेतले नव्हते.

मंजुश्रीबाईंच्या प्रतीवर चहाच्या कपाचा गोल डाग होता. म्याडमची नजर त्याच्यावर गेली आणि तिथंच खिळली.

मृत्युंजय सरांनी घसा साफ केला. "मी याला भाषांतर म्हणणारच नाही. हे पुनर्सर्जन आहे. माणसाचं आदिम एकाकीपण, बर्फाच्या पार्श्वभूमीवर कोरलेलं."

"मला तर रडूच आलं," मंजुश्रीबाई म्हणाल्या. "ती बाई, आणि ती अडकलेली गाडी. बापरे."

"लई झकास," अप्पा म्हणाले. "आन् म्याडम, खरं सांगू का, राग मानू नका. मुसलमान असून इतकं शुद्ध मराठी, म्हंजी कमालच हाय. आमच्या पोरायला येईना असलं."

साऱ्यांनी माना डोलावल्या. म्याडमची दाढ ठणकली. त्या हसल्या, 'थँक्यू' म्हणाल्या, आणि आपल्या त्या हसण्याचीच त्यांना इतकी चीड आली की हातातली बशी त्यांनी खाली ठेवली.

आणि तेवढ्यात त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. माळ, बर्फ, एकाकी बाई, अडकलेली गाडी. सगळे बोलत होते ते एवढ्यावरच. हे सगळं मलपृष्ठावर होतं. तो मजकूर म्याडमनीच लिहिला होता. मलपृष्ठापलीकडचा एक शब्द अजून कुणाच्या तोंडून आला नव्हता. त्या बाईच्या लेकराचं नावसुद्धा नाही.

"म्याडम, तो गाडीचा भाग वाचा ना," मंजुश्रीबाईंनी आपली प्रत पुढं केली. "तुमच्या आवाजात ऐकायचाय."

प्रत कोरी करकरीत होती. उघडताना तिचा कणा कडकन वाजला. नवीन पुस्तक पहिल्यांदा उघडताना वाजतो तसा. म्याडमनी मधलं पान काढलं. वादळ सुरू होतं ते प्रकरण. त्या जागी झुरळ होतं.

पानभर मोठं झुरळ, उताणं, पोट फाडून दाखवलेलं, प्रत्येक आतड्याला बाण आणि बाणापुढं नाव. खाली प्रश्न, प्रश्नांखाली चार चार पर्याय. त्यांनी पान उलटलं. पुन्हा झुरळ. त्याचे मुखावयव. त्याची अंडी. डॉक्टरकीच्या परीक्षेला बसणाऱ्या पोरांच्या नोट्सचा गठ्ठा झेरॉक्सच्या दुकानात कादंबरीच्या गठ्ठ्यात मिसळला होता, आणि त्याच मिसळलेल्या गठ्ठ्यावरून साऱ्या प्रती निघाल्या होत्या. पुढं पन्नासेक पानांनी झुरळ संपत होतं आणि माळावर वसंत आलेला होता. वादळ गायब, गाडी गायब, तपासनीस गायब. ती पानं कुठल्यातरी होस्टेलात एखाद्या पोराच्या नोट्समध्ये बांधली गेली असणार, आणि ते पोर घोकत असणार की बर्फ किती फूट साचलं.

"सर, तुमची प्रत बघू जरा," म्याडम म्हणाल्या. सरांच्या प्रतीतही झुरळ. अप्पांच्याही.

त्यांनी पुस्तक मिटलं. आवाज वर्गातल्यासारखा शांत ठेवला. "एक विचारू का? मधला भाग कसा वाटला तुम्हाला? मला जरा धाकधूक होती, लांबलाय की काय म्हणून."

"छे, छे," मृत्युंजय सर म्हणाले. "तोच तर कादंबरीचा कळस आहे. तिथं तुमची भाषा एका वेगळ्याच उंचीवर जाते."

"मी तर तो भाग दोनदा वाचला," मंजुश्रीबाई म्हणाल्या.

"मधलाच माल खरा," अप्पा म्हणाले.

बाकीच्यांनीही आपापली मतं दिली. कुणाला तो चित्रमय वाटला, कुणाला अंगावर आला. बसवंतशेठ तेवढे खिडकीकडं वळले आणि त्यांनी बाहेर पिंक टाकली.

म्याडम उठून उभ्या राहिल्या. उभी नोकरी त्या फळ्यापुढं उभं राहूनच वाचत आल्या होत्या. अप्पांच्या प्रतीतलं पान काढलं, चष्मा सारखा केला, आणि इंग्रजीवर नजर ठेवून सरळ मराठीत वाचायला लागल्या. "प्रश्न. झुरळाचं डोकं उडवलं तरी ते पुढं बरेच दिवस जगतं. का? पर्याय एक. त्याच्या डोक्यात मज्जासंस्थेचा थोडाच भाग असतो, बाकीचा सगळा पोटाच्या बाजूला असतो. पर्याय दोन. त्याला डोक्याची गरजच नसते." दुसरा पर्याय त्यांच्या पदरचा होता. "सर, सांगा. कुठला बरोबर?"

मृत्युंजय सर हसले, मग थांबले. मंजुश्रीबाईंनी हळूच आपली प्रत ओढून घेतली आणि उघडली. मग बाकीच्या एकेकानं उघडली. माडीवर पाच-सहा कणे एकापाठोपाठ कडकड वाजले. इतक्या दिवसांत त्या घरांमधून एकदाही न आलेला आवाज आज एकदम आला.

"आरं तिच्या," अप्पा म्हणाले. "हे काय झुरळ?"

"तुम्ही सांगा अप्पा. कळस तुम्हीच बघितलाय."

म्याडमना वाटलं, आता कुणीतरी म्हणेल, नाही वाचली, चुकलं. एवढं एक वाक्य आलं असतं तर त्यांनी तिथंच सोडून दिलं असतं. त्या वाट बघत उभ्या राहिल्या.

"ही झेरॉक्सवाल्याची बेपर्वाई आहे," मृत्युंजय सर म्हणाले. त्यांचा आवाज परत आला होता. "शुद्ध तांत्रिक चूक. आपण बोलत होतो ते एकूण परिणामाबद्दल. एकूण परिणामाला पन्नास पानांनी बाधा येत नाही."

"मी फोनवर सारांश वाचला होता," मंजुश्रीबाई म्हणाल्या. "त्यात हे झुरळ नव्हतं."

"या कादंबरीचा सारांश कुठंच नाही डॉक्टर. मूळ कधीच विस्मरणात गेली, आणि माझी अजून छापलेलीच नाही."

"मग दुसरीचा असेल."

अप्पांनी मोठ्यानं हसून हात झटकले. "चालायचंच म्याडम. एखाद्या कट्ट्यात खडे निघतेतच. आपुन त्या झेरॉक्सवाल्याला धरू उद्या. आता पुढची पोटली काढा. सुशीला गार व्हायलंय."

आणि खरंच पुढची पोटली निघाली. मृत्युंजय सरांनी पिशवीतून एक पातळसं पुस्तक काढलं. खाण विकत घेऊन देशोधडीला लागलेल्या दोन भावांची अमेरिकन गोष्ट. नव्वद पानांची, आणि तिच्यावर सिनेमा निघालेला. सरांनी एक पान वाचलं. "माल कसा हाय?" अप्पांनी विचारलं. "बरा हाय," मंडळ म्हणालं. मंजुश्रीबाईंनी सिनेमा कुठं बघायला मिळेल ते फोनवर शोधायला घेतलं. म्याडम बघत राहिल्या. डोकं उडवून अजून चहाही निवला नव्हता, आणि मंडळाचे साही पाय चालत होते. त्यांना आता राग येत नव्हता. पायाखाली काहीतरी पिचकल्यावर अंगावर येते ती शिरशिरी येत होती.

त्यांनी पेपर गोळा करतात तशा साऱ्यांच्या मांडीवरच्या प्रती गोळा केल्या. कुणी अडवलं नाही. उलट मंजुश्रीबाईंनी आपली जरा घाईनंच दिली. बसवंतशेठपुढं त्या गेल्याच नाहीत. त्यांच्या हातात पुस्तक दिसत नव्हतं. हरवलं असेल, नाहीतर मिलमध्ये तंबाखूची पुडी बांधायला कामी आलं असेल. पिशवी खांद्याला अडकवून म्याडम जिना उतरल्या. उतरतानाच त्यांनी ठरवून टाकलं. घरी गेल्या गेल्या गठ्ठा कपाटात. चावी आलियाकडं द्यायची, म्हणजे पुन्हा मोह नको.

खालच्या कट्ट्यांपाशी पोचल्या तोच वरून जिना दणदणला. बसवंतशेठ उतरत होते, धोतराचा सोगा हातात धरून, धापा टाकत.

"म्याडम, थांबा की जरा."

त्या थांबल्या, पण दोन पावलं मागं सरकून. तंबाखूचा भपकारा आला. बसवंतशेठनी सदरा वर करून बंडीच्या मोठ्या खिशातून पुस्तक काढलं. फुगलेलं, कोपरे मुडपलेलं, पाठीवर तुरीची धूळ. मध्ये कट्टे शिवायच्या सुतळीचा तुकडा खूण म्हणून घातलेला.

"माझं न्यायचं राहिलं म्हणून आलाव असं वाटंल तुमाला," ते म्हणाले. "पण हे मी देत नाही. एक विचारायचं हाय. मागल्या पुठ्ठ्याव लिवलंय ती गाडी आडकल्याव त्यातल्या सायबाला कळलं का, तिचा नवरा मेलाय म्हणून?"

म्याडमचा आवाज चढला. "म्हणजे तुम्ही झुरळ बघितलं होतं?"

"बघितलं की. धा-बारा पानं झुरळाची बी वाचली. म्हटलं, येईल बाई परत. येईचना. मग फुडं उन्हाळा लागला, आन् बाई तिथंच हाय, कंदील तिच्याच हातात हाय. मधी काय झालं ते कळंना. चार दिस डोकं फिरलंय माझं."

"मग वर का नाही बोललात? मघाशी मी विचारलं तेव्हा?"

बसवंतशेठनी मान खाली घातली. "समदे म्हणायलेत मधला भाग लई भारी. मला वाटलं, माझ्याच पुस्तकात झुरळ आलंय. मी सातवी पास माणूस. काय बोलावं तिथं."

म्याडमना त्यांचाही राग आला. एक माणूस वाचतो, आणि तोही तोंडात तंबाखू धरून गप्प बसतो. असल्या गप्प बसणाऱ्यांमुळंच वरच्यांचं फावतं, हे त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण त्याआधी त्यांना दुसरं विचारायचं होतं.

"शेठ, मराठी कसं आहे? खरं सांगा. कुठं अडलात?"

"मराठी?" बसवंतशेठ गोंधळले. त्यांनी पुस्तक उलटंपालटं करून बघितलं, जणू ते त्याच्यावर कुठंतरी लिहिलेलं असावं. "त्येचं माझ्या ध्यानातच आलं नाही बघा. मी आपला त्या बाईकडं बघत होतो."

म्याडमनी त्यांच्या हातातलं पुस्तक मागून घेतलं आणि तिथंच, तुरीच्या कट्ट्यावर टेकून, उघडलं. प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्याला तंबाखूच्या अंगठ्याचा तपकिरी ठसा होता. पहिल्या पानाला, दुसऱ्या पानाला, तिसऱ्या पानाला. काही ठिकाणी दोन ठसे होते. तिथं पान परत मागं उलटलेलं. झुरळाच्या दहा-बारा पानांवरही होते. मग काही पानं कोरी गेली, आणि वसंत आला तिथून ठसे पुन्हा सुरू झाले ते शेवटपर्यंत. म्याडमना तो डाग बघवत नव्हता आणि त्यावरून नजर काढवतही नव्हती. त्यांनी एका ठशावर आपलं बोट ठेवलं. बोट चिकटलं. त्यांनी ते पुसलं नाही.

"मधली पानं घरी आहेत," त्या म्हणाल्या. "देते."

"तवर सांगा तरी. कळलं का नाही त्येला?"

"नाही सांगणार," कहकशां म्याडम म्हणाल्या आणि पुस्तक त्यांच्या हातात परत दिलं. "वाचा."